मानेगावचा दगड आणि वेस्टाची वाट

लघुग्रहांवरची माती आता कुपीत बंद होऊन पृथ्वीवर येते. जपानच्या हायाबुसा-२ यानाने डिसेंबर २०२० मध्ये र्‍युगूची सुमारे ५.४ ग्रॅम माती आणली. अमेरिकेच्या ओसायरिस-रेक्सने २४ सप्टेंबर २०२३ रोजी बेन्नूची १२१.६ ग्रॅम माती उतरवली. अशा बातम्या आल्या की खानदेशात बोलणं हमखास पाटणादेवीकडे वळतं. ते रास्तच आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला, आणि त्याची नोंद करणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणचाच. पण ग्रहविज्ञानाच्या नोंदवह्यांत खानदेशातलं आणखी एक नाव आहे, आणि ते जगभरच्या अशनी-अभ्यासकांना, म्हणजे आकाशातून पडलेले दगड तपासणाऱ्यांना, जितकं ठाऊक आहे तितकं आपल्याला नाही. ते नाव म्हणजे मानेगाव.

२९ जून १८४३. आर्द्रा नक्षत्र चालू होतं, खरिपाचे दिवस होते. दुपारी मोठा गडगडाट झाला आणि गावाजवळ आकाशातून दगड पडला. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम अशी त्याची वाटणी १९०६ मध्ये झाली. इंग्रजी कागदपत्रांत हे ठिकाण एदलाबाद परगण्यात दाखवलं आहे, म्हणजे आजचा मुक्ताईनगरचा परिसर. घटनेची हकीकत कोलकात्याला एशियाटिक सोसायटीच्या जर्नलात छापून आली. आकाशातून दगड पडतात हेच मुळी युरोपातल्या विद्वानांनी जेमतेम चाळीस वर्षांपूर्वी मान्य केलं होतं. १८०३ मध्ये फ्रान्समधल्या लेगल गावावर दगडांचा वर्षाव झाला आणि जाँ-बाप्तिस्त बियो यांनी जागेवर जाऊन चौकशी केली, तेव्हा कुठे वाद मिटला. त्या काळात तापीकाठच्या एका खेड्यातली घटना नीट लिहून ठेवली गेली आणि तुकडे संग्रहात पोचले, हे मला फार मोलाचं वाटतं. शिल्लक राहिलं ते मूठभरही नाही. तरी तेवढ्यावर काम झालं.

दगड होता मात्र अगदी वेगळा. आपल्याकडचा दगड म्हणजे काळा पाषाण: जुन्या घरांची जोती त्याची, विहिरींचं बांधकाम त्याचं, धुळे-नंदुरबारकडे जमिनीतून वर आलेल्या लांबच लांब भिंती, ज्यांना भूवैज्ञानिक डाइक म्हणतात, त्याही त्याच कुळातल्या. लाव्हा थिजून झालेला हा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. मानेगावचा दगड फिकट, पिवळसर झाकेचा, आणि जवळजवळ सगळा एकाच खनिजाचा, ऑर्थोपायरॉक्सिनचा. अशा दगडांना डायोजेनाइट म्हणतात. एखाद्या जगाच्या पोटात, कवचाच्या खालच्या भागात, शिलारस सावकाश निवत गेला की असे स्फटिक तयार होतात. या जातीच्या दगडांचं वय निघतं सुमारे ४५० कोटी वर्षं. म्हणजे सूर्यमाला नुकतीच आकार घेत होती, तेव्हाचा हा ऐवज.

पण कोणत्या जगाचा? १८४३ मध्ये याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

उत्तराचा धागा मिळाला १९७० मध्ये. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणारा वेस्टा हा लघुग्रह हाइनरिश ओल्बर्स यांनी १८०७ सालीच शोधला होता. टॉमस मॅककॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट घेतला, तर त्यात पायरॉक्सिनची, म्हणजे मानेगावच्या दगडातल्या खनिजाच्या गटाची, खूण स्पष्ट दिसली. प्रयोगशाळेत मोजलेल्या बेसाल्टी अशनींशी, म्हणजे डायोजेनाइटच्याच कुळातल्या दगडांशी, तो वर्णपट जुळत होता. सव्वापाचशे किलोमीटर व्यासाच्या या गोळ्यावर एके काळी आपल्या सातमाळ्यासारखाच लाव्हा पसरला होता, हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

तरी शंका होतीच. वेस्टावरून निघालेला दगड पृथ्वीपर्यंत येणार कसा? १९९३ मध्ये रिचर्ड बिन्झेल आणि शुई शू यांनी वेस्टापासून अवकाशातल्या एका रिकाम्या पट्ट्यापर्यंत त्याच घडणीच्या लहान लघुग्रहांची रांगच दाखवून दिली. हा पट्टा गुरूच्या गुरुत्वाकर्षणामुळे रिकामा झालेला आहे. तिथे गेलेल्या दगडाची कक्षा हळूहळू ताणली जाते आणि शेवटी पृथ्वीच्या वाटेला छेदते. पुढे १९९७ मध्ये हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांत वेस्टाच्या दक्षिण ध्रुवावर एक प्रचंड विवर दिसलं.

मग नासाचं डॉन यान गेलं. २७ सप्टेंबर २००७ रोजी ते निघालं, जुलै २०११ मध्ये वेस्टाभोवती फिरू लागलं आणि सुमारे चौदा महिने तिथे राहिलं. त्यानंतर ते सेरेस या बटुग्रहाकडे गेलं. पृथ्वीबाहेरच्या दोन जगांभोवती फिरणारं ते पहिलं यान. दक्षिणेकडचं ते विवर, र्‍हेयासिल्व्हिया, सुमारे ५०० किलोमीटर रुंद निघालं. त्याच्या मधोमध वीसेक किलोमीटर उंचीचा डोंगर आहे. त्याच भागात डायोजेनाइटशी जुळणाऱ्या खनिजांच्या खुणा सापडल्या, आणि लोहाचं ऑक्सिजन-सिलिकॉनशी असलेलं प्रमाणही या अशनींशी जुळलं. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी एक जबर धडक बसली, आतला दगड उसळून बाहेर पडला, त्याचे तुकडे होत गेले, आणि अशा बऱ्याच तुकड्यांनी पृथ्वीवर पडण्याआधी दोन-चार कोटी वर्षं अवकाशात उघड्यावर काढली. मानेगावला पडलेला दगड याच गोतावळ्यातला.

विषय इथे संपलेला नाही. एप्रिल २०२५ मध्ये डॉनच्या जुन्या मोजमापांचा नव्याने अभ्यास प्रसिद्ध झाला. वेस्टाच्या पोटात मोठा लोखंडी गाभा असावा असं आजवर गृहीत होतं. या अभ्यासानुसार तसा गाभा दिसत नाही. मग कदाचित वेस्टा पूर्ण वितळण्याआधीच थांबला असेल, किंवा तो स्वतःच एखाद्या मोठ्या, फुटलेल्या ग्रहाचा तुकडा असेल. दुसरी शक्यता खरी ठरली, तर मानेगावच्या दगडाचं मूळ घर वेस्टाच्याही मागे जाईल. धातूने समृद्ध मानल्या जाणाऱ्या सायकी लघुग्रहाकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालेलं यान २०२९ मध्ये पोचायचं आहे. गाभ्यांबद्दलच्या कल्पना तिथे तपासल्या जातील. वेस्टावर मात्र अजून एकही यान उतरलेलं नाही, तिथली माती कुणी आणलेली नाही. गाभ्याचा हा वाद सोडवायला बसलेल्या शास्त्रज्ञांना प्रयोगशाळेत हातात धरून तपासता येतात, ते मानेगावसारख्या ठिकाणी पडलेले दगडच.