विमानाचा जुना पंखा मिळालाय? आधी घासू नका!

जवळजवळ रोज फोन येतो, दादा, कबाड्याकडून विमानाचा पंखा मिळालाय, कुठल्या विमानाचा ते सांगा ना, आणि व्हॉट्सॅपवर फोटो बघावा तर पंखा नुकताच पॉलिश पेपर मारून चकचकीत केलेला. तिथेच पंखा ओळखण्याचं आमचं काम अडतं.

पंखा नंबरावरून ओळखतात, आकारावरून नाही. लाकडी असेल तर नंबर मधल्या भोकाजवळ ठोकलेला असतो, धातूचा असेल तर हबवर, म्हणजे ब्लेड ज्यात बसतात त्या मधल्या भागावर, आणि ब्लेडच्या बुडाशी. ठसा उथळ असतो, ग्राइंडर लागला की गेलाच. दिवाळीआधी मुरारहून एक काका हब घेऊन आले, मुलाने हौसेने साफ केलेला, त्यावर '२३ई' एवढंच उरलं होतं, पुढे सपाट. दोन दिवस आम्ही आतल्या खाचांची मापं घेत बसलो, कारण पुढचा आकडा शाफ्टच्या, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या इंजिनाच्या दांड्याच्या, साइजचाच असतो. हॅमिल्टन स्टँडर्ड या पंखे बनवणाऱ्या कंपनीचा पूर्ण नंबर २३ई५० असा असतो, त्यात ३ म्हणजे तीन ब्लेड, ई म्हणजे ब्लेडच्या बुडाचा साइज, ५० म्हणजे शाफ्टचा. हा हब डकोटा विमानाला लागायचा. हार्वर्ड विमानाचा १२डी४०, म्हणजे दोन ब्लेडचा, आणि त्याच्या ब्लेडवर ६१०१ए-१२ असेल तर शेवटचा १२ म्हणजे मूळ डिझाइनपेक्षा व्यास १२ इंच कमी. एवढं सगळं त्या ठशात असतं हो!

म्हणून फक्त कोरड्या फडक्याने धूळ पुसा, नंबरावर खडू आडवा फिरवून बोटाने हलकेच पुसा, आकडे पांढरे उठतात, मग मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरून फोटो काढा. मधल्या भोकाच्या मध्यापासून टोकापर्यंत मापून दुप्पट करा, तो व्यास. लाकडी पंख्याच्या टोकाला पितळी पत्रा असेल तर त्यातली बारीक भोकं पुट्टीने बुजवू नका, आत शिरलेलं पाणी पंखा फिरताना त्यातूनच बाहेर फेकलं जातं, आणि शोभेच्या नकली पंख्यात ती बहुतेक नसतातच.

नुसत्या फोटोवर आम्ही विमानाचं नाव सांगत नाही, याचा काहींना राग येतो. पण जिप्सी मेजर हे एकच इंजिन टायगर मॉथ विमानालाही होतं आणि चिपमंक विमानालाही, मग अंदाजाने सांगून तुम्हाला चुकीची पाटी कशी लावून देऊ? तपासणीचे पैसे घेतो, भिंतीचा ब्रॅकेट किंवा स्टँड आमच्याकडे केलात तर ते बिलातून वजा. काम फक्त शोभेच्या पंख्यांचं, उडणाऱ्या विमानासाठी आम्ही काही देत नाही.

आणि आणेपर्यंत लाकडी पंखा घरी आडवाच ठेवा, उभा ठेवला तर ओल खालच्या टोकाला उतरते.