गळती थांबली, गंज चालूच

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की वर्तमानपत्रात एक बातमी हमखास येते: अमुक ठिकाणी घराचा स्लॅब कोसळला. बातमीच्या शेवटी घरातलं किंवा शेजारचं कुणीतरी सांगतं, "तसं काही वाटलं नव्हतं हो, गळतसुद्धा नव्हतं." या वाक्याने मी दरवेळी अस्वस्थ होतो. छत गळत नाही म्हणजे छत बरं आहे, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजला आहे.

अलिबागजवळ माझ्या मावशीचं बैठं घर आहे, १९८८ साली बांधलेलं. गळती सोसवेना म्हणून २००९ मध्ये गच्चीवर पत्रे घातले, जसे आता कोकणात घरोघरी दिसतात. त्यानंतर पंधरा वर्षं एक थेंब आत आला नाही. मग २०२४ च्या मार्चमध्ये, भर कोरड्या दिवसांत, स्वयंपाकघराच्या छताचा परातीएवढा तुकडा ओट्यावर पडला. मावशी तेव्हा पडवीत होती म्हणून वाचली.

वर पत्रे, आत ओल नाही, मग स्लॅब पडला कशाने?

शाळेतला एक प्रयोग आठवा. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की निवळी दुधाळ होते. श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि चुना यांच्यापासून कॅल्शियम कार्बोनेट बनतं, तेच पांढरं दिसतं. हीच अभिक्रिया आपल्या डोक्यावरच्या छतात वर्षानुवर्षं चाललेली असते. सिमेंट पाण्याबरोबर घट्ट होताना भरपूर कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना, तयार होतो. त्यामुळे ताज्या काँक्रीटचा सामू (pH) १२.५ ते १३ इतका, म्हणजे कडक अल्कधर्मी असतो. अशा वातावरणात लोखंडी सळईवर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतो. तो आहे तोवर आतपर्यंत ओल आणि हवा पोहोचली तरी सळई गंजत नाही. लोखंड काँक्रीटमध्ये टिकतं ते या पापुद्र्याच्या जोरावर. वरचं काँक्रीट सळईला झाकतं, पण खरी राखण आतला चुना करतो.

हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो आणि हा चुना संपवत जातो. याला कार्बोनेशन म्हणतात. जिथला चुना संपला तिथला सामू ९ च्या खाली येतो आणि सळईवरचा पापुद्रा विरघळतो. मात्र चुना संपत जाण्याची ही आघाडी एकसारख्या वेगाने पुढे सरकत नाही. जितकं आत जावं तितका वायूचा प्रवास लांबतो, त्यामुळे खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. १० वर्षांत १० मिलिमीटर आत गेली असेल, तर २० मिलिमीटरपर्यंत पोहोचायला ४० वर्षं लागतील. हेच गणित उलटं केलं तर भीती वाटते. सळईखालचं काँक्रीट, ज्याला गवंडी आणि अभियंते 'कव्हर' म्हणतात, ते निम्मं केलं तर संरक्षणाचा काळ निम्मा होत नाही, पाव होतो.

मावशीच्या छताचा तुटलेला भाग अभियंत्याने नव्याने फोडला आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं. हाही शाळेतलाच दर्शक. जिथे चुना शिल्लक आहे तिथे तो गर्द गुलाबी होतो, जिथे संपला तिथे रंगच येत नाही. खालून मोजत गेलो तर ३० मिलिमीटरपर्यंत रंग नव्हता. सळया होत्या १५ मिलिमीटरवर. काँक्रीट बांधकामाच्या त्या काळच्या भारतीय संहितेत स्लॅबला किमान तेवढंच कव्हर सांगितलेलं होतं. ३६ वर्षांचं वर्गमूळ ६; ३० ला ६ ने भागलं की गुणांक ५. मग १५ ला ५ ने भागलं की ३; म्हणजे १५ मिलिमीटर गाठायला लागली ३ चा वर्ग, ९ वर्षं. १९९७ च्या सुमारास त्या सळयांचं कवच गेलं होतं. पत्रे आले त्यानंतर बारा वर्षांनी.

पत्र्यांनी नुकसान केलं असं नाही. ते पाऊस अडवतात; हवा आणि तिच्यातली ओल अडवत नाहीत. काँक्रीट पाण्याने गच्च भरलेलं असताना छिद्रांतून वायू नीट शिरत नाही, आणि अगदी कोरडं असलं तर अभिक्रियेला लागणारं पाणी मिळत नाही. ५० ते ७० टक्के आर्द्रतेत कार्बोनेशन सर्वांत वेगाने होतं. गंजाला मात्र त्याहून जास्त ओल लागते. चार महिने दमट आणि आठ महिने त्या मानाने कोरडं, हे आपलं हवामान दोन्ही कामांना आळीपाळीने संधी देतं. त्यात खाडीची रेती वापरलेली असेल तर मिठातले क्लोराइड आयन चुना शिल्लक असतानाही पापुद्र्याला भोकं पाडतात. शिवाय मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, तिला पावसाची गरज नसते.

गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. ती जागा तो काँक्रीट फोडून घेतो. म्हणून छताकडे बघायचं ते खालून. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर बहुतेक वेळा तो गिलाव्याचाच दोष असतो. पण वीतभर अंतराने एकमेकींना समांतर जाणाऱ्या सरळ भेगा दिसल्या, तर त्या सळयांच्या रेषा आहेत. पांढरा खार म्हणजे पाणी झिरपून चुना वाहून येतोय. तपकिरी डाग म्हणजे लोखंड येतंय. मग काठीने किंवा लहान हातोडीने छत हलकेच वाजवा. बाजारात मडकं घेताना आपण वाजवून पाहतो तसंच. ठणठणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला तर आत थर सुटलेला आहे, रंग कितीही नवा असो. सुरुवात न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि पंख्याच्या हुकाभोवतीपासून करा, आणि वाजवताना त्या जागेच्या खाली उभे राहू नका. सज्जा आणि गॅलरी यांना हा नियम लावू नका. त्यांच्या मुख्य सळया वरच्या अंगाला असतात, त्यामुळे धोक्याची भेग वर, भिंतीला लागून पडते. खालून सगळं छान दिसत राहतं.

आता डागडुजीबद्दल. पडलेल्या जागी नवा माल भरला की दोन-तीन वर्षांत नेमका शेजारचा तुकडा सुटतो, हा पुष्कळांचा अनुभव आहे. दोष दरवेळी कारागिराचा नसतो. गंजणारी सळई म्हणजे एक विद्युतघट असतो. जिथे लोखंड विरघळतं तो धनाग्र, आणि त्याने सोडलेले इलेक्ट्रॉन जिथे ऑक्सिजनला मिळतात तो ऋणाग्र. एक जागा धनाग्र म्हणून झिजत असते तोवर त्याच सळईचे शेजारचे भाग तिच्या जिवावर वाचलेले असतात. तिथे नवा, अल्कधर्मी माल भरला की ती जागा ऋणाग्र होते, आणि झिजण्याची पाळी शेजाऱ्यांवर येते. काँक्रीटमध्ये क्लोराइड असेल तर हे ठळकपणे दिसतं. म्हणून नुसता पडलेला तुकडा लिंपू नये. आवाज बद्द येतो तेवढा सगळा भाग, सळईच्या मागेपर्यंत फोडून काढावा लागतो.

आणि तेवढा भाग निम्म्या खोलीएवढा निघाला तर? मग सळई मोजायची. ८ मिलिमीटरची सळई घासून ६ मिलिमीटर भरली, तर व्यास पाव कमी झाला असं वाटतं. पण ताकद छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, आणि ते जवळजवळ ४४ टक्के गेलेलं असतं. खोलीच्या मधल्या पट्ट्यात, जिथे ताण सर्वाधिक, तिथल्या बऱ्याच सळया अशा निघाल्या, तर माझ्या मते डागडुजीचा हिशेब संपला. स्लॅब उतरवून नवा घालावा. हा निर्णय संरचना अभियंत्यानेच करायचा असतो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींचं दर ३ वर्षांनी संरचनात्मक परीक्षण सांगितलेलं आहे. बैठ्या घराच्या मालकाला हे कुणी विचारायला येत नाही.

मावशीकडे आलेल्या एका कंत्राटदाराने गच्चीवर आणखी चार इंच विटांचा कोबा आणि वर 'नॅनो' लेप सुचवला होता, पंचवीस वर्षांच्या हमीसह. लेपाने पाणी अडेलही, पण गेलेला चुना आणि झिजलेलं लोखंड परत येत नाही. चार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला सुमारे २०० किलो होतं. वावर असलेल्या गच्चीवर माणसं, सामान धरून गृहीत असतो तो भार १५० किलोचा. छत गळू नये म्हणून वजन चढवत नेण्याची किंमत मराठवाड्याने मोजलेली आहे. माळवदावर वर्षानुवर्षं मातीचे थर चढले होते, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी परिसरात दगडी भिंतींसह तीच माती झोपलेल्या माणसांवर आली.

दुसरा सल्ला वास्तूचा होता: पाण्याची टाकी ईशान्येला आहे म्हणून हे झालं, ती नैऋत्येला हलवा. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन. ती तुळई आणि भिंतीवर बसवली आहे की स्लॅबच्या मधोमध, एवढंच छताला कळतं. दिशा कळत नाही. भिंतीवरची टाकी शास्त्राच्या नावाखाली झिजलेल्या स्लॅबच्या मध्यावर आणणारा सल्ला जिवावर बेतू शकतो, आणि असे सल्ले पैसे घेऊन दिले जातात याचा मला राग येतो.

मावशीच्या स्वयंपाकघरातल्या सळया मध्यावर साडेपाच-सहा मिलिमीटर भरल्या. टेकू लावून स्लॅब उतरवला, नवा घालायचं ठरलं. २००० सालच्या सुधारित संहितेत सौम्य वातावरणाला २०, मध्यमला ३० आणि तीव्रला ४५ मिलिमीटर कव्हर आहे. अभियंत्याने इथे ३० सांगितलं. स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी मावशी नातीची शाळेची पट्टी घेऊन सेंटरिंगवर चढली आणि सळईखालची फट ठिकठिकाणी मोजली. दोन ठिकाणी कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सरकवलेले होते, फट जेमतेम १८ मिलिमीटर. ते काढून ब्लॉक बसवून घेतले, तेव्हाच ती खाली उतरली.