हॅलोविन : सोंगे आणि दारोदार फिरण्याची प्रथा

हॅलोविन : दरवर्षी ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी साजरा होणारा लोकोत्सव. ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस. त्यांची ही पूर्वसंध्या. सणाची मुळे आयर्लंड आणि स्कॉटलंडमधली, पण आज त्याचा सर्वांत मोठा थाट अमेरिका व कॅनडात दिसतो. डोळ्यांत भरतात ती भुताखेतांची सजावट आणि कोरलेले भोपळे. सणाचा गाभा मात्र सोंग घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दारी जाण्यात आहे.

आयर्लंड-स्कॉटलंडच्या गेलिक भाषा बोलणाऱ्या शेतकऱ्यांचे वर्ष याच सुमारास पालटत असे. सुगी संपे, उन्हाळी कुरणांतून गुरे खाली आणली जात, टेकड्यांवर आगट्या पेटत आणि त्या रात्री अदृश्य जगातल्यांचा इकडे वावर असतो असे मानले जाई. पुढे चर्चने संतांचा दिवस १ नोव्हेंबरला नेमला आणि दोन्ही परंपरा एकमेकींत मिसळल्या. हॅलोविनची सोंगे दोन हजार वर्षे अखंड चालत आली आहेत असे सर्रास सांगितले जाते. त्याला आधार नाही. या दिवशी सोंगे घेऊन फिरण्याच्या लेखी नोंदी सोळाव्या शतकातील स्कॉटलंडपासून मिळतात. इंग्लंडमध्ये गोरगरीब आणि मुले घरोघर जाऊन मृतांसाठी प्रार्थना म्हणत व त्याबदली लहान गोड केक घेत, ती प्रथा याच कुळातली.

आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात एकोणिसाव्या शतकात ‘पांढरी घोडी’ निघत असे. पांढरी चादर पांघरलेला माणूस सजवलेली घोड्याची कवटी हाती धरून पुढे चाले. मागे शिंगे फुंकत तरुणांचा घोळका. शेता-शेतावर थांबून ते कवने म्हणत. धान्य-दूध देणाऱ्या घराची भरभराट होईल आणि हात आखडणाऱ्याचे वाईट होईल, असे बजावत. स्कॉटलंडमध्ये मुले तोंडाला काजळी फासून, मोठ्यांचे जुने कपडे चढवून निघत. हातात सलगम कोरून केलेला कंदील असे. गाणे, कविता, विनोद, काहीतरी करून दाखवल्याशिवाय सफरचंद किंवा नाणे मिळत नसे. कोकणात शिमग्याला सोंगे घेऊन, गाणी म्हणत पोस्त मागतात, तशीच ही देवाणघेवाण : आधी खेळ, मग खाऊ.

१८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश माणसे अमेरिकेत आली आणि हा सण तिथे फोफावला. टणक सलगमाची जागा कोरायला सोप्या, मोठ्या तांबड्या भोपळ्याने घेतली. मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतला हॅलोविन म्हणजे मुख्यतः टारगट पोरांची रात्र होती. कुंपणाची फाटके पळव, खिडक्यांच्या काचांना साबण फास, कुणाची घोडागाडी छपरावर चढव. हे आवरायला गावांनी जो मार्ग काढला तो फार शहाणपणाचा होता. पोरांना कोंडण्याऐवजी त्यांनाच उत्सवाचे मानकरी केले. मिनेसोटातील अनोका गावाने १९२० मध्ये मिरवणूक काढली आणि मुलांना खाऊ वाटला. ते गाव आजही स्वतःला हॅलोविनची राजधानी म्हणवते. आयोवातील डी मॉइन शहराने १९३८ मध्ये ३० ऑक्टोबरची संध्याकाळ खास मुलांसाठी राखली. तिथे दारात विनोद सांगितल्यावरच खाऊ मिळतो, म्हणजे जुनी स्कॉटिश अट तिथे अजून टिकून आहे.

‘ट्रिक ऑर ट्रीट’, म्हणजे खाऊ द्या नाहीतर खोडी काढू, ही आरोळी १९२०च्या दशकापर्यंत कॅनडातील वर्तमानपत्रांत दिसू लागते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत साखरेवर रेशनिंग आल्याने प्रथेला खीळ बसली. १९४७ मध्ये ते उठल्यावर ती देशभर पसरली. १९५० मध्ये फिलाडेल्फियाच्या एका पाद्री कुटुंबाने खाऊबरोबर युनिसेफसाठी पैसे गोळा करण्याची कल्पना काढली. पुढे मुलांच्या हातातले नारिंगी डबे हे त्याचे चिन्ह ठरले.

सोंगे आधी घरीच बनत. जुन्या चादरीला दोन भोके पाडली की भूत तयार. डेनिसन ही कागद कंपनी १९०९ पासून क्रेप कागदाचे पोशाख कसे करावेत याच्या पुस्तिका काढू लागली. नंतर बेन कूपरसारख्या कंपन्यांनी पातळ प्लॅस्टिकचा मुखवटा आणि वर चढवायचा झगा असा स्वस्त जोड बाजारात आणला. मुखवटा रबराने डोक्याला अडकवायचा. पाच मिनिटांत तो आतून श्वासाने ओला होई, तरी तो काढायला कुणी तयार नसे. आज तयार पोशाखांचा मोठा बाजार आहे, पण पुठ्ठा, रंग आणि चिकटपट्टी घेऊन आईबापांनी मुलांबरोबर बसून केलेल्या सोंगाची सर त्यांना नाही. व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलांचे पोशाख यात खास पाहण्यासारखे असतात. खुर्चीभोवतीच पुठ्ठ्याचे जहाज किंवा अवकाशयान उभे करतात आणि मूल त्याचे कप्तान होते.

घराघरांत तयारी काही दिवस आधीच सुरू होते. वर्तमानपत्र अंथरून भोपळा कोरतात. झाकण सुरी तिरकी धरून कापतात, म्हणजे ते आत पडत नाही. गर-बिया खरवडून काढतात आणि बिया मीठ लावून भाजतात. त्या संध्याकाळचा एक अलिखित नियम सगळे पाळतात : दाराबाहेरचा दिवा लागलेला असेल तरच बेल वाजवायची. लहानग्यांबरोबर पालक रस्त्याच्या कडेला थांबतात. थंड प्रांतांत परीच्या पंखांखाली जाड जाकीट असते, आणि उशीचा अभ्रा ही खाऊची पिशवी. घरी परतल्यावर सगळी लूट जमिनीवर ओततात आणि भावंडांत अदलाबदलीचा घासाघिशीने चालणारा बाजार भरतो.

अनोळखी माणसे खाऊत विष किंवा ब्लेडची पाती घालतात ही भीती १९७०-८०च्या दशकांत फार पसरली. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनची प्रकरणे तपासली, तेव्हा अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याचे एकही सिद्ध उदाहरण सापडले नाही. टेक्सासमध्ये १९७४ साली विषारी खाऊने एका मुलाचा जीव गेला, पण तो त्याच्या बापानेच दिला होता. खरा धोका अंधारातल्या मोटारींचा. म्हणून पोशाखावर चमकती पट्टी लावतात. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसाठी २०१४ पासून आणखी एक चांगला रिवाज रुजला आहे. ज्या दारी निळसर हिरवा भोपळा दिसेल तिथे खाऊऐवजी छोटी खेळणी मिळतात.

मोठ्यांच्या सोंगांचे सर्वांत नावाजलेले ठिकाण न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधील मिरवणूक. मुखवटे व बाहुल्या करणारे कलावंत राल्फ ली यांनी ती १९७४ मध्ये सुरू केली. उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरातही सोंगांचा मोठा उत्सव भरतो.

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा सण बऱ्याचदा दिवाळीच्या आगेमागे येतो. २०२४ मध्ये तर नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. अशा वर्षी एकाच पायरीवर पणती आणि कोरलेला भोपळा शेजारी शेजारी ठेवलेले दिसतात. मुंबई-पुण्यातल्या काही सोसायट्यांतही आता मुले सोंगे घेऊन मजल्या-मजल्यावर फिरतात. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांची रीत निराळी आहे : ती २ नोव्हेंबरला कबरी स्वच्छ करून त्यांवर फुले वाहतात व मेणबत्त्या लावतात, आणि त्यात सोंगांना स्थान नाही.