मागची डावी सीट की स्टेअरिंग? साताऱ्यात लक्झरी सेडान आणि स्पोर्ट्स कूपे

गाडी कोटीच्या घरात गेली की शोरूममधला पोरगा लक्झरी सेडान आणि दोन दारांची स्पोर्ट्स कूपे, दोन्हींना ‘प्रीमियम’ म्हणतो आणि गिऱ्हाईक मान डोलावतं. नाकावर तोच बिल्ला, आत तीच स्क्रीन, तेच चामडं. मग वाटायला लागतं की लक्झरी सेडान आणि स्पोर्ट्स कूपे म्हणजे एकाच घरातली थोरली-धाकटी भावंडं, बजेट बघून एक उचलायची. तसं नसतं. लक्झरी सेडान बांधलेली असते मागच्या डाव्या सीटवर बसणाऱ्यासाठी आणि कूपे स्टेअरिंग धरणाऱ्यासाठी. स्प्रिंग किती कडक, दारं किती, इंजिन कुठं, टायर किती रुंद, हे सगळं त्यावरून ठरतं.

आकडेच बघा. मर्सिडीज ई-क्लास आणि बीएमडब्ल्यू ५ सिरीज या दोन्ही आपल्याकडे मुद्दाम लांब करून विकल्या जातात. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर ई-क्लासमध्ये ३०९४ मिमी, ५ सिरीजमध्ये ३१०५. वाढवलेली लांबी सगळी मागच्या माणसाच्या गुडघ्यांपुढं जाते. पोर्शे ९११ मध्ये हेच अंतर २४५० मिमी आहे, म्हणजे दोन फुटांहून जास्त कमी. तिचं सहा सिलिंडरचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागं बसतं. मागं दोन सीट आहेत, पण त्या लहान पोरांसाठी किंवा दप्तरासाठी. मोठ्या माणसानं तिथं बसून पुण्यापर्यंत जाऊन दाखवावं.

कूपेची दारं दोन आणि लांबलचक. राजवाड्याच्या बाजूच्या एखाद्या बोळात भिंतीला लागून गाडी लावली तर दार अर्धंच उघडतं. मागं जायचं तर पुढची सीट वाकवायची, कमरेत वाकायचं आणि डोकं आधी की पाय आधी हे ठरवत आत शिरायचं. नऊवारीतल्या आजीला एकदा हे सांगून बघा. “तू हो पुढं, मी येते एसटीनं,” असं उत्तर येईल, आणि चूक तिची नसेल.

नावावर मात्र जाऊ नका. मर्सिडीजनं २००४ मध्ये सीएलएस आणली, चार दारांची, उतरत्या छपराची, आणि तिला कूपे म्हणायला सुरुवात केली. बीएमडब्ल्यूची ग्रॅन कूपेही त्यातलीच. या मुळात सेडानच, फक्त मागं बसणाऱ्याचं डोकं छपराला टेकणार. दिसायला झकास, पण ज्याला खरी कूपे हवी त्याचंही समाधान नाही आणि ज्याला आईवडिलांना आरामात फिरवायचंय त्याचंही नाही.

आता आपल्याकडचा खरा परीक्षक, गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीप्रमाणे तो १० सेंमी उंच आणि गाडी जाते त्या दिशेनं ३.७ मीटर लांब हवा, साधारण १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा. अशा गतिरोधकावर ३.१ मीटरची सेडान बरोबर मध्यावर आली की दोन्ही चाकं गोलाईवरच असतात आणि पोटाखाली फुगवटा येतो फक्त ७ सेंमी. ९११ च्या पोटाखाली तर साडेचार सेंमीच्या आत. दोन्ही गाड्या हळू नेल्या तर न घासता निघतात. म्हणजे कागदावरच्या गतिरोधकाला कुठलीच गाडी घाबरत नाही.

पण गावात एखादा अपघात झाला की रातोरात जो डांबराचा ढिगारा पडतो, तो असतो जेमतेम दोन फूट रुंद आणि चांगलाच उंच. तिथं गोलाईबिलाईचा प्रश्नच नाही, आख्खी उंची पोटाखाली येते. सेडान जमिनीपासून थोडी जास्त उंच असते हे खरं, पण पोट लांब. त्यात मागं तिघं आणि डिकीत गुळाच्या ढेपा असल्या की गाडी बसते आणि मधोमध ‘खर्र’ आवाज येतो. कूपेची गोष्ट उलटी. तिचं पोट बऱ्याचदा सुटतं, अडकतं ते नाक, कारण पुढच्या चाकांपुढं आलेला बंपर आणि त्याखालची पट्टी जमिनीला चिकटलेली असते. ९११ ला पुढचं नाक साधारण ४ सेंमी वर उचलणारी सोय जादा पैसे भरून मिळते. साताऱ्यात गाडी आणायची असेल तर तिच्यापुढं सनरूफबिनरूफ सगळं दुय्यम. ती नसेल तर गाडी तिरकी घालायची, एकेक चाक चढवत, मागच्या बुलेटवाल्याचा हॉर्न ऐकत.

टायरचंही तसंच. टायरवर लिहिलेल्या आकड्यांत पहिला रुंदीचा आणि दुसरा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते सांगणारा. सेडानला २२५/५५ टायर असेल तर रिम आणि रस्ता यांच्यामध्ये १२४ मिमी रबर आहे. ९११ कॅरेरा एसच्या पुढच्या २४५/३५ मध्ये ते ८६ मिमी उरतं. पावसाळ्यानंतर मेढ्याकडं जाताना खड्डा चुकला नाही तर या दोन बोटांच्या फरकात अलॉयचा रिम वाकतो किंवा वाचतो. शिवाय कूपेची मागची चाकं पुढच्यांपेक्षा रुंद (त्याच गाडीत ३०५), त्यामुळं एक स्टेपनी दोन्हीकडं चालत नाही आणि कंपनी ती देतही नाही. मिळतो फेस भरायचा डबा आणि छोटा पंप. खिळा घुसला तर काम भागतं, टायरची बाजू फाटली तर नाही. मग गाडी पाठीवर घेऊन जाणारी फ्लॅटबेड मागवायची आणि पुण्याहून किंवा कोल्हापूरहून टायर येईपर्यंत थांबायचं. रुंद टायर आणि हलकी गाडी साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगते, हेही जुलैमध्ये कासला निघण्याआधी ध्यानात असावं.

एवढं वाचून कूपे बाद, असं कुणी समजू नये. पहाटे वाईहून पसरणीचा घाट चढताना कूपे जे देते ते सेडान कितीही पैसे ओतले तरी देणार नाही. वळणात बॉडी झुकत नाही, स्टेअरिंग जरा वळवलं की नाक तिथं, आणि पुढचं चाक कशावरून चाललंय ते तळहाताला कळतं. लांब, मऊ सेडान त्याच वळणांवर डोलते आणि मागं फोन बघत बसलेल्याला पाचगणीच्या आधी मळमळायला लागतं. म्हणजे मागच्या सीटसाठी बांधलेली गाडी घाटात मागच्या सीटवरच्यालाच त्रास देते. महामार्गावर मात्र ती राणी. आणि महामार्गावर तुम्हाला कूपेचा वेग वापरता येतोच कुठं? केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनं चौपदरी महामार्गावर कारला वेगाची कमाल मर्यादा १०० दिली आहे. तेवढा वेग अल्टोही गाठते. मोकळा घाट हवा तर रविवारी सकाळी सहाच्या आत निघावं लागतं, त्यानंतर यवतेश्वरला वळणावळणावर एसटी आणि सेल्फीवाले.

इथं तिसरी गाडी आठवते. बीएमडब्ल्यूची एम३४०आय. चार दारं, डिकी, तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, चारही चाकांना ओढ. ० ते १०० साठी कंपनी ४.४ सेकंद सांगते. त्याच घरची दोन दारांची एम२ साधारण ४ सेकंद घेते. अर्ध्या सेकंदाहून कमी फरकासाठी आजीला एसटीनं पाठवायचं का, ते ज्यानं त्यानं ठरवावं. मला विचाराल तर साताऱ्यात कूपे घ्यायला निघालेल्या दहातल्या आठांना हीच गाडी हवी असते, फक्त तसं कुणी त्यांना सांगत नाही.

पैशाचा फरकही नुसत्या किमतीत नाही. ई-क्लासची जुळणी चाकणला होते, ५ सिरीज आणि एम३४०आयची चेन्नईत. एम२ मेक्सिकोतून तयार होऊन येते, ९११ जर्मनीतून. अशा महाग, पूर्ण तयार आलेल्या गाडीवर सीमाशुल्क आणि अधिभार मिळून गाडीच्या मूळ किमतीहून जास्त होतो. पुढं आरटीओत एमएच ११ च्या पासिंगला जाल तेव्हा राज्याचा एकरकमी करही वेगळा: इथं जुळलेल्या, वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, आयात गाडीला २० टक्के. फर्मच्या नावावर गाडी घ्यायची आपल्याकडं सवय आहे, पण कंपनीच्या नावावर घेतली तर इथं बनलेल्या गाडीलाही तो २० टक्केच लागतो. सीएला हे आधी विचारा, बुकिंग केल्यावर नको.

जुन्या बाजारात मोठी सेडान मोहात पाडते. सात-आठ वर्षांची ई-क्लास नव्या मध्यम एसयूव्हीच्या पैशात मिळते. पण किंमत जुन्या गाडीची झाली तरी सुट्या भागांची किंमत नव्या गाडीचीच राहते. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) असलेली गाडी घेत असाल तर रात्रभर लावून ठेवा आणि सकाळी बघा, एखादा कोपरा खाली बसला असेल तर व्यवहार थांबवा.

आणि ट्रायल शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका. गाडी घरी मागवा. फाटकासमोरच्या गटारावरच्या उतारावरून आत घ्या, सेडान असेल तर मागच्या डाव्या सीटवर स्वतः बसून आणि ड्रायव्हरला चालवायला लावून. कूपे असेल तर मागच्या सीटवर घरातल्या सगळ्यात उंच माणसाला बसवून. बंपर लागला तर तिथंच कळेल, आणि तो खर्च तुमचा नसेल.