शर्यतीच्या घोड्यांचे इव्हेंटिंगसाठी पुनर्प्रशिक्षण

शर्यतींतून निवृत्त झालेल्या थरोब्रेड (शर्यतींसाठीच पैदास केलेल्या जातीच्या) घोड्यांना इव्हेंटिंग या तीन कसोट्यांच्या अश्वक्रीडेसाठी नव्याने तयार करण्याची पद्धत. ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत ती चांगली रुजली आहे. सपाट मैदानावरच्या शर्यतीत घोडा दोन वर्षांचा असतानाच उतरतो आणि बरेच घोडे चार-पाच वर्षांचे होईतो बाहेरही पडतात. कुणाचा वेग कमी पडतो, कुणाच्या पायाचा स्नायुबंध दुखावतो, कुणाचा खर्च मालकाला झेपेनासा होतो. नीट सांभाळलेला घोडा मात्र पंचवीस वर्षे सहज जगतो. त्या उरलेल्या वीस वर्षांना काम आणि घर मिळवून देणे हा या पद्धतीचा मूळ हेतू आहे. तिच्यातून ऑलिंपिकपर्यंत पोचलेले घोडेही निघाले आहेत.

खेळाचे स्वरूप

इव्हेंटिंगचा उगम घोडदळाच्या कसोटीत आहे. अधिकाऱ्याचा घोडा संचलनात शिस्तीत चालावा, रानातून संदेश घेऊन दौडावा आणि दुसऱ्या दिवशीही कामाला धड असावा, हे तपासण्यासाठी ती घेतली जाई. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तिचा समावेश झाला, तेव्हा स्वार सगळे लष्करातले होते. स्त्रियांना ऑलिंपिकमध्ये या प्रकारात उतरायला 1964 चे टोकियो उजाडावे लागले.

आजच्या स्पर्धेत पहिली कसोटी ड्रेसाजची, म्हणजे आखीव मैदानात ठरलेल्या चाली शांतपणे करून दाखवण्याची. दुसरी क्रॉसकंट्रीची: ओंडके, खंदक, पाणी, चढउतार असे पक्के अडथळे ओलांडत ठरलेल्या वेळेत दौड पुरी करायची. तिसरी शो जंपिंगची, जिथे धक्का लागताच दांडी खाली पडते. तिन्हींचे दंडगुण एकत्र होतात आणि ज्याचे सर्वांत कमी, तो जिंकतो. दांडी पडली की 4 दंडगुण, क्रॉसकंट्रीत घोडा अडथळ्यापुढे अडला की 20, उशीर झाला तर दर सेकंदाला 0.4.

थरोब्रेड आणि वेगाचा प्रश्न

‘शर्यतीचा घोडा म्हणजे वेगवान, म्हणून तो क्रॉसकंट्रीला चांगला’ असे सर्रास बोलले जाते. ते अर्धेच खरे आहे. पंचतारांकित, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या लांब स्पर्धेत क्रॉसकंट्रीची गती मिनिटाला 570 मीटर ठरलेली असते. शर्यतीतला घोडा मिनिटाला हजार मीटरच्या आसपास धावतो. इव्हेंटिंगमध्ये त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक वेग लागतो, पण तो अकरा-बारा मिनिटे टिकवावा लागतो आणि वाटेत चाळीसहून अधिक उड्या माराव्या लागतात. थरोब्रेडचा खरा फायदा इथे दिसतो. त्याची चौखूर चाल लांब आणि हलकी असते, मध्यम वेगात त्याची फार शक्ती खर्च होत नाही आणि दम लागला तरी तो लवकर सावरतो. गर्दी, लाउडस्पीकर, वाहनातला प्रवास, अनोळखी तबेला हेही त्याला नवे नसते.

पूर्वीच्या दीर्घ स्वरूपात या गुणांना अधिक मोल होते. दमसासाच्या दिवशी क्रॉसकंट्रीआधी रस्त्यावरची लांब दुडकी आणि मिनिटाला 690 मीटर वेगाची स्टीपलचेसची, म्हणजे झुडपी अडथळ्यांवरून दौडण्याची, फेरी असे. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकपासून हे टप्पे गळाले. त्यामुळे ड्रेसाजचे वजन वाढले आणि मोठ्या हालचालीच्या, थंड डोक्याच्या युरोपीय वॉर्मब्लड घोड्यांना मागणी आली. तरीही वरच्या दर्जाच्या बहुतेक वॉर्मब्लडांत थरोब्रेड रक्ताचा मोठा वाटा असतो. ते रक्त उणे करून हा खेळ चालणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पहिले महिने: विसावा

रेसकोर्सवरून आलेल्या घोड्यावर दुसऱ्याच दिवशी खोगीर चढवणे ही सर्वांत महागात पडणारी घाई होय. शर्यतीच्या तबेल्यात तो दिवसातले बावीस-तेवीस तास ठाणावर बांधलेला किंवा कोंडलेला असतो. चंदी भरपूर मिळते, चारा त्या मानाने कमी, आणि सकाळच्या तासाभराच्या मेहनतीत सगळी शक्ती बाहेर पडते. मेहनत थांबवून चंदी तशीच चालू ठेवली, तर घोडा अंगात न मावणारी ताकद घेऊन उभा राहतो, आणि लोक त्याला तापट ठरवतात. म्हणून आधी धान्य हळूहळू उतरवतात, वाळके गवत जवळजवळ पोटभर देतात आणि रोज कुरणात सोडतात. तेही एकदम नाही, कारण दोन वर्षे एकटा राहिलेला घोडा मोकळ्यावर बेभान पळून स्वतःला इजा करून घेऊ शकतो. आरंभी छोटे आवार आणि सोबतीला एखादा वयस्क, शांत घोडा असला की काम सोपे होते.

शर्यतीच्या घोड्यांपैकी बहुतेकांच्या जठरात व्रण आढळतात. खोगिराचा पट्टा पोटाला आवळताना चावायला येणे, खरारा करताना अंग चोरणे, अंग न धरणे यांमागे पुष्कळदा हेच दुखणे असते, खोडसाळपणा नव्हे. खुरांकडेही पाहावे लागते. शर्यतीत ॲल्युमिनियमचे हलके नाल वारंवार बदलले जातात, त्यामुळे खुराची भिंत ठिसूळ, पुढचे टोक लांब आणि टाच खचलेली असते. चांगल्या नालबंदाच्या हातीही खूर पुन्हा आकाराला यायला वर्षाच्या आसपास लागते, कारण खूर वरून खाली तितक्याच सावकाश वाढतो. हा विसावा कुणाला सहा आठवडे पुरतो, कुणाला सहा महिने लागतात.

लगामाचा नवा अर्थ

पुनर्प्रशिक्षणाचा गाभा इथे आहे. जॉकी रिकिबी आखूड ठेवून पाठीच्या वर उभा असतो, त्याचे पाय घोड्याच्या कुशीला फारसे लागत नाहीत. लगाम तो दोन्ही हातांत मिळून आखूड आणि घट्ट धरतो. घोडा तोंडातल्या बिटवर, म्हणजे लगामाच्या लोखंडी दांडीवर, भार टाकतो, त्याच्या आधाराने मान पुढे काढून पळतो. जॉकीने पकड वाढवली की घोडा आणखी टेकतो आणि आणखी पळतो. आता अशा घोड्यावर एखादा सामान्य स्वार बसला, घोड्याने वेग घेतला आणि स्वाराने घाबरून लगाम खेचला, तर काय होईल? घोडा शिकवल्याप्रमाणे प्रामाणिकपणे आणखी जोरात पळेल. तो हुकूम मोडत नसतो, जुना हुकूम पाळत असतो. हे ज्या स्वाराला उमगले नाही, त्याच्या हाती असा घोडा देऊ नये.

म्हणून नवा स्वार खेचून धरत नाही. तो क्षणभर लगाम घेतो आणि लगेच सोडतो, घोड्याला टेकायला भिंतच मिळू देत नाही. थांबण्याचा इशारा हाताआधी मांडीतून आणि श्वासातून जातो. आधी जमिनीवरून, लांब दोरीवर गोलात फिरवत ‘थांब’, ‘चाल’ या शब्दांची सवय लावतात, मग तेच शब्द पाठीवरून वापरतात. पाय लागला म्हणजे धावायचे नाही, त्या बाजूपासून थोडे दूर सरकायचे, पाठ उचलून मागचे पाय पोटाखाली घ्यायचे, हे त्याला पहिल्यांदाच कळत असते. पाठीवर पूर्ण वजन टाकून बसणेही त्याला अपरिचित असते. सुरुवातीचे आठवडे स्वार हलका बसतो, पाठीचे स्नायू भरतील तसा मांड खोल करत जातो. चढताना निश्चल उभे राहणे हा तर स्वतंत्र धडा आहे, कारण जॉकीला मोतद्दार चालत्या घोड्यावरच उचलून बसवतो.

एका बाजूची सवय हा आणखी एक अडसर. अमेरिकेत शर्यती घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने होतात, त्यामुळे तिथला घोडा डावीकडे सहज वळतो आणि उजवीकडे लाकडासारखा ताठ होतो. वीस मीटरच्या गोलात, दोन्ही दिशांना, चाल आणि दुडकी यांतले बदल पुन्हा पुन्हा करून घेणे हाच त्यावरचा उपाय. चौखूर चाल मुद्दाम उशिरा घेतात. ती त्याला येतच असते, सावकाश येत नसते.

उडी

सपाट शर्यतीच्या घोड्याला उडी ठाऊक नसते, आणि शिकवणाऱ्याच्या दृष्टीने ते बरेच आहे. जमिनीवरच्या दांड्या, मग दुडकीत फुलीसारख्या लावलेल्या बुटक्या दांड्या, मग ओळीने मांडलेले छोटे अडथळे, असा क्रम असतो. हर्डल किंवा स्टीपलचेसचा घोडा वेगळा. तो दहा-बारा वर्षांचा होईतोही शर्यतीत धावलेला असू शकतो, धीट असतो, पण त्याची उडी सपाट आणि लांब असते. झुडपी अडथळ्याचा वरचा भाग घासून जायला हरकत नाही, हे तो शिकलेला असतो. शो जंपिंगमध्ये त्याच सवयीने दांड्या पडतात. त्याला जवळ येऊन, पाठ गोल करून, पाय मुडपून उडी घ्यायला शिकवणे कोऱ्या घोड्याला शिकवण्याहून अवघड जाते.

क्रॉसकंट्रीचे पहिले धडे अनुभवी घोड्याच्या मागे चालवत देतात. उथळ पाण्यातून चालणे, कोरडा चर ओलांडणे, बांधावर चढणे आणि उतरणे. पुढचा घोडा दिसला की शर्यतीची आठवण उसळते, म्हणून अंतर ठेवणे, मधेच थांबणे, सोबत्याला पुढे जाऊ देऊन स्वतः उभे राहणे यांचाही सराव करून घेतात.

निवड आणि धोके

शर्यतीतून निघालेला घोडा वॉर्मब्लडच्या तुलनेत पुष्कळ स्वस्त मिळतो, आणि हाच त्याचा शाप ठरू शकतो. हौसेने घेणारा किंमत पाहतो, पुढचा नालबंद, पशुवैद्य, खुराक आणि प्रशिक्षक यांचा खर्च पाहत नाही. खरेदीआधी पशुवैद्याकडून तपासणी आवश्यक आहे: गुडघे आणि मुठीचे सांधे यांची क्ष-किरण चित्रे, पाठीचे मणके, श्वास. पुढच्या पायाच्या मागील स्नायुबंधाला झालेली इजा ही शर्यतीच्या घोड्याची नेहमीची दुखापत असते. ती भरायला बहुधा नऊ महिने ते वर्ष जाते. जुनी, पूर्ण भरलेली इजा असलेला घोडा खालच्या आणि मधल्या दर्जाच्या स्पर्धा वर्षानुवर्षे करू शकतो, ताजी इजा लपवलेला घोडा ते करू शकत नाही. शिवाय प्रत्येक घोडा या खेळासाठी नसतो. ज्याला खंदकाची भीती सुटत नाही, त्याला ड्रेसाज, पोलो किंवा साध्या रपेटीसाठी देणे हे अपयश मानू नये.

संस्था

अमेरिकेतली केंटकी डर्बी ही शर्यत 1986 मध्ये जिंकलेला फर्डिनंड हा घोडा पैदाशीसाठी जपानला गेला आणि तिथे 2002 मध्ये कत्तलखान्यात संपला. ही बातमी पुढच्या वर्षी बाहेर आली, तेव्हा अमेरिकेतले शर्यतप्रेमी हादरले. निवृत्तीनंतरच्या संगोपनाची जबाबदारी शर्यत उद्योगाची आहे, ही जाणीव अशा घटनांनी पक्की केली. ब्रिटनमध्ये शर्यत उद्योगानेच 2000 मध्ये ‘रिट्रेनिंग ऑफ रेसहॉर्सेस’ ही धर्मादाय संस्था उभारली. निवृत्त घोड्यांसाठी ती इव्हेंटिंगसह अनेक प्रकारांत स्वतंत्र स्पर्धामालिका आणि प्रशिक्षण शिबिरे चालवते. अमेरिकेत 2012 मध्ये स्थापन झालेली ‘थरोब्रेड आफ्टरकेअर अलायन्स’ संगोपन केंद्रांची तपासणी करून त्यांना मान्यता आणि अनुदान देते.

इव्हेंटिंगचे प्रशिक्षक स्टुअर्ट पिटमन यांनी सुरू केलेल्या ‘रिटायर्ड रेसहॉर्स प्रोजेक्ट’ची ‘थरोब्रेड मेकओव्हर’ ही स्पर्धा 2015 पासून केंटकी हॉर्स पार्कमध्ये भरते. जेमतेम दहा महिने प्रशिक्षण झालेले घोडे तिथे दहा प्रकारांत उतरतात. तिने या घोड्यांची मागणी वाढवली, हे निर्विवाद. मात्र ठरलेल्या तारखेला घोडा तयार हवा, ही अट विसाव्याच्या तत्त्वाशी झगडते, आणि शहाणे स्वार घोडा तयार नसेल तर नाव मागे घेतात.

नामवंत घोडे

इकाबॉड क्रेन हा घोडा अमेरिकेतल्या 2008 च्या प्रीकनेस शर्यतीत तिसरा आला होता. निवृत्तीनंतर ऑलिंपिक स्वार फिलिप डटन यांनी त्याला इव्हेंटिंगमध्ये आणले आणि केंटकीला येण्याआधीच्या, 2014 च्या मेकओव्हरमध्ये तो सर्वोत्तम ठरला. बेकी होल्डर यांचा करेजस कॉमेट हा शर्यतीतून आलेला करडा घोडा 2008 च्या ऑलिंपिकमध्ये, हाँगकाँगला झालेल्या अश्वस्पर्धांत अमेरिकेकडून उतरला. लिन सिमान्स्की यांचा डॉनर शर्यतीत ‘स्मार्ट गॉर्की’ नावाने धावे, तिथे त्याने फारसे काही कमावले नाही. 2011 च्या पॅन अमेरिकन स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या अमेरिकी संघात तो होता आणि पुढे 2014 व 2018 च्या जागतिक अश्वक्रीडा स्पर्धांतही खेळला. ब्रिटनमध्ये जेमा टॅटरसॉल यांच्या आर्क्टिक सोलने इंग्लंडमधील बॅडमिंटन या ठिकाणच्या 2016 च्या इव्हेंटिंग स्पर्धेत तिसरे स्थान मिळवले. बॅडमिंटन ही 1949 पासूनची, या खेळातली सर्वांत मानाची स्पर्धा.

भारतातील स्थिती

भारतात इव्हेंटिंग प्रामुख्याने लष्कराने जोपासले. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत रघुबीर सिंग यांनी वैयक्तिक आणि संघाचे अशी दोन्ही सुवर्णपदके मिळवली, 2018 मध्ये जकार्ता येथे फौआद मिर्झा यांनी वैयक्तिक रौप्य मिळवले. नागरी रायडिंग क्लबांची भिस्त मात्र बरीचशी शर्यतीतून निवृत्त झालेल्या थरोब्रेडांवरच असते. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सच्या आवारातच ॲमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यती हिवाळ्यात मुंबईत आणि पावसाळ्यात पुण्यात होतात. दोन्ही ठिकाणी घोडे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने धावतात, त्यामुळे अमेरिकी घोड्याच्या उलट, इथून निघालेल्या घोड्याचा डावीकडचा ताठरपणा आधी सोडवावा लागतो. नवशिक्यांच्या वर्गात असा घोडा लगेच जुंपण्याचा मोह टाळून त्याला आधी विसावा आणि लगामाचे धडे मिळाले, तर शाळकरी मुलांच्या छोट्या इव्हेंटिंग स्पर्धांपर्यंत तो निश्चित पोचू शकतो.