मणका सरकला, तर स्क्रू टाकायलाच हवेत का?

"मणका सरकलाय, स्क्रू टाकावे लागतील" असं ऐकलं की बीड-परभणीकडची माणसं आधी पैशांची जुळवाजुळव करतात. खर्चात स्क्रू-रॉडचा वाटा मोठा असतो. म्हणून ते आले कुठून आणि डॉक्टरांमध्ये त्यावरून वाद का आहे, हे घरच्यांना माहीत असलंच पाहिजे.

मणका सरकण्याची जुनी नोंद आहे ती बाळंतपणाच्या डॉक्टरची. १७८२ मध्ये बेल्जियमच्या हर्बिनो यांना कंबरेखाली पुढे आलेलं हाड बाळाची वाट अडवताना दिसलं. मणक्याच्या मागची हाडाची कमान शाबूत असूनही मणका सरकतो, हे मात्र १९३० मध्ये जर्मनीच्या युंगहान्स यांनी मांडलं. हाच तो उतारवयातला, झिजेचा प्रकार. दोन मणक्यांमधली गादी खचते, मागचे सांधे झिजतात आणि बहुतेक वेळा कंबरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे येतो. कमान तुटलेली नसल्याने तीही सोबत सरकते आणि नसा मध्येच चेपतात. म्हणूनच मणका असा सरकलेली बाई खुरपायला बसली तर तिला त्रास नसतो, पण शेतातून घरी चालत येताना पायांत मुंग्या भरतात, पोटऱ्या जड होतात आणि बांधावर टेकावं लागतं. वाकलं की नसांची जागा थोडी मोकळी होते.

हा आजार बायकांत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. १९९५ च्या एका जपानी अभ्यासात अंडाशय काढलेल्या बायकांत त्याचं प्रमाण आणखी जास्त आढळलं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. त्यातल्या ज्यांचे अंडाशयही गेले, त्यांच्या कंबरेकडे पुढची वीस वर्षं कुणीतरी लक्ष द्यायला हवं.

आता शस्त्रक्रिया. मणके हाडाने जोडायची पद्धत १९११ मध्ये न्यूयॉर्कला हिब्ज आणि अल्बी यांनी सुरू केली, तीही मुख्यतः मणक्याच्या टीबीसाठी. पुढे पॅरिसच्या रॉय-कामिय यांनी १९६३ पासून मणक्यात मागून स्क्रू बसवले. १९९१ मध्ये हर्कोविट्झ आणि कुर्झ यांनी ५० रुग्णांत दाखवलं, की नस मोकळी करून मणकेही जोडले तर नुसती नस मोकळी करण्यापेक्षा गुण चांगला येतो. तिथून जोडणी रूढ झाली. १९९७ च्या एका अभ्यासात मात्र जोडणीत स्क्रू टाकल्यामुळे हाड जास्त वेळा जुळलं, तरी दोन वर्षांनी रुग्णाला बरं वाटण्यात फरक दिसला नाही.

२०१६ मध्ये दोन अभ्यास एकाच वेळी छापून आले. स्वीडनच्या अभ्यासात जोडणीचा जास्तीचा फायदा दिसला नाही, अमेरिकेच्या ६६ रुग्णांत थोडा दिसला. नॉर्वेने २०२१ मध्ये २६७ रुग्णांचे निकाल दिले: नुसती नस मोकळी केलेल्यांत शंभरातले ७१ आणि जोडणी केलेल्यांत ७३ जण बऱ्यापैकी सुधारले. पुन्हा ऑपरेशनची वेळ पहिल्या गटात थोडी जास्त आली.

माझं मत असं, की मणका खरोखर हलत असेल तर स्क्रूचा खर्च समजण्यासारखा आहे, सरसकट नाही. हलतो का, हे झोपून काढलेल्या एमआरआयमध्ये बऱ्याचदा कळत नाही, कारण आडवं झाल्यावर सरकलेला मणका जागेवर आलेला दिसू शकतो. उभं राहून, पुढे वाकून आणि मागे झुकून काढलेल्या साध्या एक्स-रेत ते दिसतं. स्क्रू ठरण्याआधी तो एक्स-रे झालाय का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.