ऑलिंपिकमधील फिजी

फिजी हे दक्षिण प्रशांत महासागरातील द्वीपराष्ट्र १९५६ च्या मेलबर्न स्पर्धेपासून उन्हाळी ऑलिंपिकमध्ये भाग घेत आले आहे. १९६४ आणि १९८० या दोन स्पर्धा त्याला चुकल्या. पॅरिस २०२४ अखेर फिजीच्या खात्यावर दोन सुवर्ण, एक रौप्य आणि एक कांस्य अशी चार पदके आहेत. चारही पदके रग्बी सेव्हन्स (सात-सात खेळाडूंची रग्बी) या एकाच खेळातली आणि २०१६ ते २०२४ या काळातली. त्याआधीची साठ वर्षे फिजीचे खेळाडू दर ऑलिंपिकमधून रिकाम्या हाताने परतत होते.

देशात तीनशेहून अधिक बेटे आहेत. त्यांतल्या सुमारे एक-तृतीयांश बेटांवर वस्ती आहे. बहुसंख्य लोक व्हिती लेवू आणि वनुआ लेवू या दोन मोठ्या बेटांवर राहतात. २०१७ च्या जनगणनेत लोकसंख्या ८,८४,८८७ भरली, म्हणजे जवळजवळ आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याएवढी. एवढ्याशा देशाने एका सांघिक खेळात लागोपाठ दोनदा ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, आणि तेही न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन अशा श्रीमंत रग्बी राष्ट्रांच्या नाकावर टिच्चून. लहान देशांच्या क्रीडा इतिहासात याला तोड सापडणे अवघड आहे.

पहिली साठ वर्षे

मेलबर्नला गेलेले पथक ब्रिटिश वसाहतीचे होते. देश स्वतंत्र झाला तो १० ऑक्टोबर १९७० रोजी. खेळाची गुणवत्ता तेव्हाही होती. १९५० मध्ये ऑकलंडला भरलेल्या ब्रिटिश एम्पायर गेम्समध्ये (आजच्या राष्ट्रकुल स्पर्धेत) मताइका तुइथाकाउ यांनी गोळाफेकीत सुवर्णपदक मिळवले होते. मात्र ऑलिंपिकची पायरी फार उंच होती. अशा देशांचे धावपटू आणि जलतरणपटू बहुधा सार्वत्रिक सहभागाच्या राखीव जागांवर स्पर्धेत उतरतात. पात्रतेची वेळ गाठता आली नाही तरी प्रत्येक देशाचा निदान एखादा खेळाडू मैदानावर दिसावा, हा त्या जागांमागचा हेतू. पहिल्याच फेरीत बाद होणाऱ्या या खेळाडूंकडे बातमीदार फारसे वळत नाहीत. पण देशाची ऑलिंपिक समिती जिवंत राहते, प्रशिक्षक तयार होतात, पुढच्या पिढीला वाट दिसते ती त्यांच्यामुळेच. म्हणून फिजीच्या कहाणीत त्यांना मानाची जागा द्यायला हवी. शिडाच्या फळीवरून समुद्र कापणारे टोनी फिल्प १९८४ ते २००० अशा सलग पाच ऑलिंपिकमध्ये उतरले. जिथे बर्फ कधी पडत नाही अशा या देशाने हिवाळी ऑलिंपिकमध्येही खेळाडू पाठवले : रुसियाते रोगोयावा १९८८ (कॅल्गरी) आणि १९९४ (लिलेहॅमर) मध्ये लांब पल्ल्याच्या स्कीइंग शर्यतीत धावले, आणि २००२ मध्ये लॉरेन्स थॉम्स डोंगरउतारावरच्या स्कीइंगमध्ये उतरले.

प्रशांत महासागरातल्या बेटांना आपापसात खेळण्यासाठी स्वतःची स्पर्धा हवी, ही कल्पनाही फिजीतूनच पुढे आली. ए. एच. साहू खान या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी १९५९ मध्ये ती मांडली आणि १९६३ मध्ये राजधानी सुवा येथे पहिले साउथ पॅसिफिक गेम्स भरले. आज त्यांना पॅसिफिक गेम्स म्हणतात. बेटांवरच्या बहुतेक खेळाडूंना परक्या देशाच्या संघाशी पहिल्यांदा गाठ पडते ती इथेच.

राजकारणाची झळ खेळाडूंना बसलीच. डिसेंबर २००६ मध्ये लष्करप्रमुख फ्रँक बैनिमारामा यांनी सत्ता हाती घेतली, २००९ मध्ये राष्ट्रकुलाने फिजीला पूर्णपणे निलंबित केले आणि त्यामुळे २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत फिजीचे पथक येऊ शकले नाही. सेव्हन्सच्या जगातला एक अव्वल संघ भारतीय प्रेक्षकांना घरच्या मैदानावर पाहायला मिळाला असता, ती संधी हुकली.

ऑलिंपिकच्या कुटुंबातले फिजीचे पहिले पदक पॅरालिंपिकमध्ये आले. लहानपणी बस अपघातात एक पाय गमावलेल्या इलिएसा डेलाना यांनी लंडन २०१२ मध्ये उंच उडीच्या एफ-४२ या पायाने अपंग खेळाडूंच्या गटात १.७४ मीटर उडी मारून सुवर्ण जिंकले. भारतीय वाचकांना ही स्पर्धा दुसऱ्या बाजूने माहीत असेल : तेवढीच उडी मारून रौप्यपदक मिळवणारा खेळाडू कर्नाटकचा गिरीश होता. उंची सारखी, निकाल लागला तो चुकलेल्या प्रयत्नांच्या हिशेबावर. डेलाना पुढे निवडणूक जिंकून सरकारात युवक व क्रीडा खात्याचे सहायक मंत्री झाले.

दोन समाज, दोन खेळ

फिजीत मूळनिवासी इ-टाउकेई समाज बहुसंख्य आहे. त्याखालोखाल आहेत ते ऊसमळ्यांवर राबण्यासाठी १८७९ ते १९१६ या काळात गिरमिटावर (मजुरीच्या करारावर) नेलेल्या सुमारे साठ हजार भारतीयांचे वंशज. ढोबळमानाने सांगायचे तर रग्बी हा इ-टाउकेई गावांचा खेळ आणि फुटबॉल हा भारतीय वस्त्यांचा. ही रेघ काही पक्की नाही, पण पथकाची घडण समजून घ्यायला ती उपयोगी पडते.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकला फिजीचा फुटबॉल संघही प्रथमच पात्र ठरला. दक्षिण कोरियाकडून ०-८, मेक्सिकोकडून १-५ आणि जर्मनीकडून ०-१० असे तिन्ही सामने तो हरला. तरी मेक्सिकोविरुद्ध सुरुवातीलाच गोल करून संघाला काही काळ आघाडी मिळवून देणारा रॉय कृष्णा हा लांबासा गावचा, भारतीय वंशाचा खेळाडू पुढे भारतातल्या फुटबॉलप्रेमींच्या ओळखीचा झाला. २०२० मध्ये इंडियन सुपर लीगचे विजेतेपद मिळवणाऱ्या कोलकात्याच्या एटीके संघात तो होता. तो अंतिम सामना गोव्यात फातोर्ड्याला रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. पुढचा सबंध हंगाम कोविडमुळे गोव्यातच खेळवला गेला आणि त्यात कृष्णाने १४ गोल केले.

फिजीचा सर्वांत नामवंत खेळाडू मात्र या दोन्ही खेळांबाहेरचा : गोल्फपटू विजय सिंग. २०१६ मध्ये गोल्फ ऑलिंपिकमध्ये परतला खरा, पण त्यांनी भाग घेतला नाही.

सेव्हन्स

पंधरा जणांच्या रग्बीचे मैदान तेच ठेवायचे आणि दोन्ही बाजूंना सातच खेळाडू उतरवायचे, हा सेव्हन्सचा गाभा. सात-सात मिनिटांचे दोन डाव. मैदान अफाट मोकळे राहते. वजनदार खेळाडूंच्या धक्काबुक्कीपेक्षा धाव, हुलकावणी आणि पास यांना मोल येते. हा प्रकार १८८३ मध्ये स्कॉटलंडच्या मेलरोज गावी सुरू झाला, पण फिजीच्या गावांना तो जणू बेतून दिल्यासारखा बसला. इथे प्रत्येक गावात मोकळी हिरवळ असते आणि संध्याकाळी तिथे पोरेटोरे अनवाणी खेळत असतात. चेंडू नसला तर प्लास्टिकची बाटलीही चालते. सुवाजवळच्या न्यूटाउन वस्तीतला जेरी तुवाई असाच बाटली घेऊन खेळत मोठा झाला. फिजीच्या खेळाची खूण म्हणजे पकडला गेल्यावर, जमिनीवर कोसळता कोसळता, एका हाताने मागच्या साथीदाराकडे चेंडू सरकवणे. इतर देशांचे प्रशिक्षक या पासला धोका समजून आवर घालत. फिजीत तो लहानपणीच हातात बसलेला असतो.

१९७७ मध्ये फिजीने हाँगकाँग सेव्हन्स जिंकले. विख्यात सेव्हन्सपटू वैसाले सेरेवी यांच्या काळात १९९७ आणि २००५ चे सेव्हन्स विश्वचषकही आले. मात्र १९२४ नंतर रग्बी ऑलिंपिकमधून बाहेर होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २००९ मध्ये कोपनहेगनच्या बैठकीत सेव्हन्सला प्रवेश दिला आणि फिजीचे ऑलिंपिकमधले स्थान एका मतदानात पालटले. हे स्पष्ट सांगायला हवे, कारण या यशाचे श्रेय पुष्कळदा केवळ ‘उपजत गुणवत्ते’ला दिले जाते. गुणवत्ता आधीही होती. तिला साजेसा खेळ कार्यक्रमात नव्हता.

उपजत गुणवत्ता पुरेशी नसते हे इंग्लिश प्रशिक्षक बेन रायन यांनीही दाखवले. २०१३ मध्ये ते आले तेव्हा संघटनेची तिजोरी रिकामी होती आणि पहिले काही महिने त्यांना पगारही मिळाला नाही. त्यांनी खेळाडूंची तंदुरुस्ती, आहार आणि शिस्त यांवर भर दिला आणि सिंगाटोकाच्या वाळूच्या उंच टेकड्यांवर संघाला पळवले. २०१४-१५ आणि २०१५-१६ या दोन्ही हंगामांत फिजी जागतिक मालिकेचा विजेता ठरला. त्यातच फेब्रुवारी २०१६ मध्ये विन्स्टन हे चक्रीवादळ देशावर आदळले. ताशी सुमारे २८० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने गावेच्या गावे भुईसपाट केली आणि ४४ जणांचा बळी घेतला. कोरो बेटावर तर फारसे काही उभे राहिले नाही. अनेकांची घरे अजून ताडपत्रीखाली होती, तेव्हा संघ रिओला निघाला.

रिओ

ब्राझील, अर्जेंटिना आणि अमेरिका यांना गटात हरवल्यावर उपांत्यपूर्व फेरीत न्यूझीलंड समोर आले. १२-७ असा निसटता विजय मिळाला. खरी कसोटी तीच होती. उपांत्य सामन्यात जपानला २०-५ असे नमवून ११ ऑगस्ट २०१६ रोजी फिजी ब्रिटनविरुद्ध अंतिम सामन्यात उतरला. कर्णधार ओसेआ कोलिनिसाउ याने पहिल्याच मिनिटात ट्राय केला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला. मध्यंतराला गुणफलक २९-० दाखवत होता आणि अखेरीस ४३-७. ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात इतकी एकतर्फी लढत क्वचितच दिसते.

पदक देण्यासाठी ब्रिटनची राजकन्या ॲन आली होती. एकेक फिजियन खेळाडू तिच्यापुढे गुडघे टेकून बसला, पदक गळ्यात पडल्यावर त्याने ओंजळीसारखे वळवलेले तळवे एकमेकांवर घुमवून वाजवले आणि मग तो उठला. फिजीत वडीलधाऱ्यांपुढे आणि सरदारांपुढे मान देण्याची हीच रीत आहे. ज्यांना नुकतेच हरवले त्यांच्याच राजघराण्यातील व्यक्तीसमोर तिचे पालन करताना या खेळाडूंना काही अवघडल्यासारखे वाटले नाही. विजयाचा माज कुणाच्या चेहऱ्यावर नव्हता.

घरी सार्वजनिक सुट्टी जाहीर झाली. रायन यांना सरदारकीचा किताब आणि जमीन मिळाली. २०१७ मध्ये फिजीच्या रिझर्व्ह बँकेने सात डॉलरची नोट काढली : पुढे चेंडू घेऊन धावणारा कोलिनिसाउ, मागे संघ आणि पंतप्रधान बैनिमारामा. सातच का, ते सांगायला नको. सर्वांत दूरगामी परिणाम मात्र वेगळाच झाला. वसाहतकाळाची खूण असलेला ब्रिटिश ध्वजाचा तुकडा काढून नवा राष्ट्रध्वज आणायचा, असे बैनिमारामा सरकारने २०१५ मध्ये ठरवले होते. रिओतल्या विजयानंतर लोकांनी त्याच निळ्या झेंड्याला ज्या प्रेमाने कवटाळले ते पाहून, आणि वादळानंतरच्या पुनर्बांधणीला पैसा हवा म्हणून, सरकारने तो बेत सोडला. एका सामन्याने देशाचा झेंडा टिकवला, असे म्हटले तर ते फार चुकीचे ठरणार नाही.

तोक्यो आणि पॅरिस

२०२१ च्या एप्रिलमध्ये फिजीत कोविडची लाट उसळली. शिबिरात असलेल्या संघाला घरी जाता येईना. खेळाडू काही महिने कुटुंबापासून दूर राहिले आणि अखेर एरवी गोठवलेले मासे वाहून नेणाऱ्या मालवाहू विमानाने तोक्योला पोहोचले. नवे प्रशिक्षक गॅरेथ बेबर, कर्णधार जेरी तुवाई. अंतिम सामन्यात न्यूझीलंडवर २७-१२ अशी मात करून त्यांनी सुवर्ण राखले. सामना संपताच मैदानावर वर्तुळात उभे राहून खेळाडूंनी ‘ए दा सा कंका’ हे विजयाचे भक्तिगीत आपल्या भरदार, अनेक पट्ट्यांतल्या आवाजात गायले. फिजीत चर्चमधले समूहगान घराघरात मुरलेले आहे. त्यामुळे वेगळा सराव लागत नाही.

तीन दिवसांनी महिला संघाने, म्हणजे फिजियानाने, जे केले ते माझ्या मते पुरुषांच्या दुसऱ्या सुवर्णापेक्षा मोठे होते. कर्णधार रुसिला नांगासाउ हिच्या संघाने उपांत्यपूर्व फेरीत गतविजेत्या ऑस्ट्रेलियाला १४-१२ असे बाहेर काढले, उपांत्य फेरीत न्यूझीलंडला जादा वेळेपर्यंत झुंजवले आणि ब्रिटनला २१-१२ हरवून कांस्य मिळवले. मुलींनी रग्बी खेळू नये असे गावातले पुष्कळ लोक उघडपणे म्हणत होते. पैसा आणि मैदानही त्यांच्या वाट्याला उरलेसुरलेच येई. त्या पदकानंतर हा विरोध पुष्कळ मावळला.

पॅरिसला प्रशिक्षक म्हणून गेला तो रिओचा कर्णधार कोलिनिसाउ. अंतिम सामन्यापूर्वी फिजीने ऑलिंपिकमधले आपले सर्वच्या सर्व १७ सामने जिंकले होते. २७ जुलै २०२४ रोजी स्टाद द फ्रान्सच्या खच्चून भरलेल्या मैदानावर मध्यंतराला ७-७ बरोबरी होती. दुसऱ्या डावात यजमानांनी पंधरा जणांच्या रग्बीतला आपला नामवंत खेळाडू आंत्वान द्युपाँ याला उतरवले आणि सामना हातातून निसटला. फ्रान्स २८, फिजी ७.

गुणवत्तेची निर्यात

फ्रान्स, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील क्लब फिजीच्या गावांतून तरुण मुले उचलतात. परदेशी क्लबच्या पगारावर इथे अख्खे कुटुंब उभे राहते, कधी सगळे गाव. म्हणून त्यांच्या जाण्याला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. पण देशाला त्याची मोठी किंमत मोजावी लागते. रिओत फ्रान्सच्या सेव्हन्स संघातून खेळलेला विरिमी वाकातावा फिजियन कुटुंबातला होता. रग्बीबाहेरही हेच घडते. भारोत्तोलक आयलीन थिकामाताना हिने २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत फिजीसाठी ९० किलो गटाचे सुवर्ण जिंकले. चार वर्षांनी बर्मिंगहॅमला तिने पुन्हा सुवर्ण जिंकले, तेव्हा वाजले ते ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रगीत.